चौथा खवला

माझ्या नावाचा एक किडा होता. हसायचं असेल तर हसून घ्या. लास्तोवोची माणसं छत्तीस वर्षं हसली, मला सवय आहे. पण या बेटानं कप्तान दिले, एक बिशप दिला, एक तर थेट मंत्री झाला, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या नावाचा साधा शिंपलासुद्धा समुद्रात नाही. माझ्या नावाचा किडा होता. अकराशे मीटर खोल, काळोखातल्या चिखलात राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा, पांढरा, बिनडोळ्यांचा खवल्या किडा. जातीचं नाव दोब्रिलाए, म्हणजे दोब्रिलाचा. ती दोब्रिला मी. दोब्रिला फान्तेला, बेटावरच्या सागरी केंद्रातली प्रयोगशाळा साहाय्यक, गेल्या वर्षी निवृत्त झालेली.

नाव छापून आलं त्या वर्षी पोक्लादच्या, म्हणजे आमच्या बेटावरच्या कार्निव्हलच्या, सोंगांत पोरांनी जुन्या चादरी शिवून बारा फुटी किडा केला. पाठीवर डब्यांची झाकणं लावली खवले म्हणून, आणि वाजतगाजत तीनदा माझ्या दारावरून नेला. "दोब्रिला, नवरा आलाय, दार उघड!" मी खिडकी उघडून झाकणं मोजली आणि सांगितलं, "पंधरा जोड्या लागतात, गाढवांनो. तुम्ही अकराच लावल्यात. असला अर्धवट नवरा परत न्या." लग्न मी शेवटपर्यंत केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही, पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी बायको घेऊन माणूस करणार काय?

तेव्हा मूल नाही, बाळ नाही. माझं म्हणून मागे राहणार होतं ते त्या किड्याचं नाव. माझा थोरला भाऊ प्रोश्पेर याची बंदरावर खानावळ आहे. तिथे वाइनच्या पिंपांवर त्यानं मी काढलेलं किड्याचं चित्र चौकटीत घालून टांगलं होतं. जेवायला येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला तो आधी ते दाखवायचा आणि मग मासे. "ही माझी बहीण," म्हणायचा. "म्हणजे हा किडा नव्हे. नाव." जर्मन लोक गोंधळून माझ्याकडे बघायचे आणि मी मान ताठ करून बसायची. मला ते फार आवडायचं. विनय आमच्या घराण्यात कुणालाच जमलेला नाही.

आता हे नाव कसं मिळालं ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

प्रोफेसर श्पिरो माटुलिच आमच्या केंद्राचे प्रमुख होते. आख्ख्या आद्रिया समुद्रात खोल पाण्यातले किडे त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. हे काम बाहेरच्याला वेडेपणा वाटतं. शंभरातले नव्वद किडे नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक असतो तो अंगावरच्या राठ केसाच्या टोकाला एक दात आहे की दोन यात, किंवा खवल्यावरचे काटे बोथट आहेत की टोकदार यात. तेवढ्यावरून जात ठरते, आणि ठरली की जगभरच्या लोकांनी ती मानायची असते. त्यामुळे प्रोफेसर चुकीला फार भ्यायचे. त्यांचे दोन नियम होते आणि ते मोडणाऱ्याला ते बोटीवरून खाली टाकायला कमी करणार नाहीत अशी आमची खात्री होती.

पहिला नियम चिठ्ठीचा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बरणीच्या आत टाकायची, कारण बाहेर डकवलेलं गळून पडतं. पुढे कुणी तोच किडा तपासला आणि त्याचं मत निराळं पडलं, तर त्यानं आपली चिठ्ठी आत टाकायची. जुनी काढायची नाही. "बरणीत किड्यापेक्षा चिठ्ठ्या जास्त झाल्या तरी चालेल," म्हणायचे, "कोण कुठे चुकलं ते दिसलं पाहिजे."

दुसरा नियम तीन शब्दांचा होता. सुटं ते सुटं. खवल्या किड्यांची खोड अशी, की धक्का लागला की खवले टाकून मोकळे होतात. अकराशे मीटर वर येईपर्यंत बिचारा टकला झालेला असतो. त्याचे खवले चाळणीत कुठेतरी सापडतात. पण ते त्याचेच हे कशावरून? म्हणून सुटे खवले वेगळ्या नळीत, वर चिठ्ठी 'सुटे'. खवला अंगावरून पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल, तरच तो त्या किड्याच्या बरणीत.

एकोणीसशे एकोणऐंशीचा ऑक्टोबर. मी तेवीस वर्षांची, खोल समुद्राची माझी पहिली सफर. सकाळी बेटाजवळ नव्वद मीटरवर एक जाळं ओढलं होतं, दुपारी बाहेर अकराशेवर दुसरं टाकलं. दक्षिणेचा वारा सुटला होता, डेक डोक्यावर पाणी घेत होता, कप्तान आईबहिणीवरून उद्धार करत होता. चिखल आला, मी तो चाळणीवर धुतला, आणि तळाशी तो दिसला. पांढरा, गुबगुबीत, एकही खवला नसलेला. आणि त्याच्या अंगाला लागून चार सुटे खवले.

प्रोफेसर वाकून बघत होते. त्यांचा चेहरा मी कधीच तसा पाहिला नव्हता. "पोरी, हे पडताना पाहिलेस?"

मी म्हटलं, "हो, पाहिले."

खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंच नाही. शेजारी पडलेले दिसले म्हणजे पडताना पाहिल्यासारखंच की. पुढे सांगून सांगून मला ते आठवायलाही लागलं, एकेक खवला कसा सुटला ते.

प्रोफेसरांनी वर्षभर त्या किड्यावर काम केलं. तीन खवले मी बारीक ब्रशनं स्वच्छ करून काचेवर बसवले आणि त्यांची चित्रं काढली. चौथा दुमडलेला होता, तो तसाच नळीत ठेवला. शेवटी प्रोफेसरांनी लिहिलं, की शरीर बघाल तर शंभर वर्षांपूर्वी एका ऑस्ट्रियन माणसानं वर्णन केलेल्या जातीसारखंच आहे, काडीचाही फरक नाही. पण खवले पूर्ण वेगळे, काठावर तुतीच्या फळासारखे काटे, असे कुणी कधी पाहिलेले नाहीत. म्हणून ही नवी जात. आणि नावाच्या कारणात लिहिलं होतं, 'जिने खवले पडताना पाहिले आणि शरीरापासून दुरावू दिले नाहीत, तिच्या नजरेला.'

छापील अंक माझ्या हातात देताना म्हणाले होते, "स्वतःचं नाव स्वतः द्यायची आपल्यात पद्धत नाही, दोब्रिला. दुसऱ्याला द्यावंसं वाटलं पाहिजे." मी प्रसाधनगृहात जाऊन रडले. मग बाहेर येऊन सगळ्यांना तो अंक दाखवला, टपालवाल्यालासुद्धा.

प्रोफेसर जाऊन आता चौदा वर्षं झाली.

दोन हजार सतरा सालच्या मे महिन्यात इस्क्रा आली. रियेकाची पोरगी, तिशीची, हातावर ऑक्टोपस गोंदवलेला, आणि डोकं असं की मला हेवा वाटला. भूमध्य समुद्रातल्या सगळ्या खोल पाण्याच्या खवल्या किड्यांची ती फेरतपासणी करत होती. कुठली जात खरी, कुठली एकाच प्राण्याला चुकून दिलेली दोन नावं, याचा निवाडा तिच्या हातात. झाग्रेबच्या संग्रहालयातून माझ्या किड्याची बरणी तिनं कापसात गुंडाळून, मांडीवर घेऊन फेरीनं आणली होती.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या म्हणाली, "तेता दोब्रिला ना? मी ओळखलंच. तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. आतापर्यंत मी सहा नावं बुडवली. मोठमोठ्या लोकांची. तुमचं पक्कं आहे."

तेता म्हणजे मावशी. परक्या पोरीनं पहिल्याच वाक्यात मावशी केलं आणि नाव पक्कंही केलं. मी तिची पिशवी उचलली.

प्रोश्पेर मागे उभा होता. त्यानं विचारलं, "पक्कं म्हणजे किती दिवस?"

"कायमचं, बार्बा. मी छापलं की पुढची शंभर वर्षं कुणी हात लावणार नाही."

बार्बा म्हणजे काका, तसं म्हणवून घेतल्यावर प्रोश्पेर विरघळलाच. त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं, की खानावळीची पाटी आता बदलायची. नाव तेच, पण वर किडा. दुपारी जेवायला यायचं, त्यानं ऑक्टोपस निखाऱ्यात पुरून ठेवला होता. "तुझ्या हातावरचा नव्हे," असं तिला म्हणाला आणि स्वतःच हसत गेला.

केंद्रात माझी जुनी खोली तशीच होती. किल्ली अजून माझ्याकडेच असते, कुणी मागत नाही. इस्क्रानं बरणी टेबलावर ठेवली. छत्तीस वर्षांनी मी त्याला बघत होते. पिवळट पडला होता, पण माझाच. आत 'दोब्रिलाए' लिहिलेली आणि खाली प्रोफेसरांचं नाव घातलेली चिठ्ठी, माझ्या अक्षरातली. पेन्सिल कालच चालवल्यासारखी स्वच्छ.

"शरीरात काहीच प्रश्न नाही," इस्क्रा म्हणाली. "ऑस्ट्रियनाच्या जातीशी तंतोतंत जुळतं, दात, केस, सगळं. फॉर्मलिनमध्ये होता म्हणून जनुकं काही मिळत नाहीत. म्हणजे सगळी भिस्त खवल्यांवर. आणि खवले पडताना तुम्ही पाहिलेत, ते प्रोफेसरांनी लिहूनच ठेवलंय. त्यामुळे मी निर्धास्त आहे."

"चौथा कुठाय?" मी विचारलं.

"नळीत. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही वाटतं. उलगडू?"

"मी उलगडते. तुझा हात अजून घाईचा आहे."

दोन सुयांनी मी तो उलगडला. निवृत्त झाले तरी हात थरथरत नाही माझा, हे मी मुद्दाम तिला दिसू दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, भिंग फिरवलं. तुतीसारखे काटे, अगदी माझ्या चित्रातल्यासारखे. आणि दोन काट्यांच्या बेचक्यात अडकलेला एक कण. गुलाबी.

"थोडी घाण आहे तिथे," इस्क्रा सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळकांड्यातून बघत म्हणाली. "ब्रश देऊ?"

तिनं दिला आणि मी घेतला.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. इस्क्राला किडे माझ्यापेक्षा जास्त कळतात, पण चिखल मला कळतो. अडतीस वर्षं मी या समुद्राचा चिखल धुतलाय. अकराशे मीटरवरचा चिखल लोण्यासारखा मऊ आणि करडा असतो, त्यात वाळूचा कण सापडत नाही. आणि हा गुलाबी कण होता दगडासारख्या कडक शेवाळाचा. ते शेवाळ उजेडाशिवाय वाढत नाही. ते असतं आमच्या बेटाभोवती, नव्वद मीटरवर, जिथे त्या दिवशी सकाळी पहिलं जाळं टाकलं होतं.

आणि दोन जाळ्यांच्या मध्ये चाळणी धुवायची असते. ते काम माझं होतं. वारा, पाणी, कप्तानाच्या शिव्या. मी धुतली नव्हती.

ते खवले सकाळपासून चाळणीतच होते. दुपारी त्यांच्यावर हा टकला येऊन पडला, एवढंच. बाकीच्या तीन खवल्यांवरही असे कण असणार. ते मीच झाडून टाकले होते, चित्र स्वच्छ यावं म्हणून.

इस्क्रा बोलत होती. पाटीवर किडा डावीकडे तोंड करून हवा की उजवीकडे, वगैरे. ब्रश माझ्या हातात होता. एक हलका फटकारा, की कण गेला, आणि नाव शंभर वर्षं पक्कं. ती स्वतःच घाण म्हणाली होती. कुणाला कळणार होतं? प्रोफेसर गेले, कप्तान गेला, बोटसुद्धा भंगारात गेली. या बेटावर एवढा मोह कुणाला झाला नसेल, मंत्र्यालासुद्धा नाही.

मग मला राग आला. स्वतःचा. अडतीस वर्षं या खोलीत मी नव्या पोरींना कानीकपाळी ओरडून सांगितलं, सुटं ते सुटं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना रडवलं. आणि आता मी ब्रश घेऊन बसले होते.

मी ब्रश खाली ठेवला. "इस्क्रा, ही घाण नाही. नीट बघ. आणि मग सांगते ते लिहून घे."

मी सगळं सांगितलं. सकाळचं जाळं, न धुतलेली चाळणी, आणि ते 'हो, पाहिले'. एक शब्द गाळला नाही. इस्क्रानं भिंग तीनदा फिरवलं. मग मागे टेकून म्हणाली, "अरे देवा, तेता."

"देवाला मध्ये आणू नकोस. खवले कुणाचे ते शोध."

तिनं संगणक उघडला. नव्वद मीटर, तुतीसारखे काटे. अर्ध्या तासात सापडलं. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली माल्टाच्या एका बाईनं एका खवल्या किड्याचं वर्णन केलं होतं. दुसऱ्या मोठ्या किड्याच्या नळीत भाडेकरूसारखा राहतो, म्हणून कुणाला आधी दिसला नव्हता. काटा न् काटा जुळत होता. त्या बाईनं तो आपल्या वडिलांच्या नावानं ठेवला होता. वडील पाणबुडे होते, समुद्रातच गेले.

ऑक्टोपस तयार होता, म्हणून आम्ही गेलो. जेवण वाया घालवणं प्रोश्पेर माफ करत नाही. पाणी घातलेली वाइन पुढे ठेवून त्यानं आमची तोंडं बघितली. "काय झालं? किडा मेला का?"

"तो एकोणऐंशीलाच मेलाय," मी म्हटलं. "आज नाव मेलं." आणि त्यालाही सांगितलं.

तो पाव कुरतडू लागला. इस्क्रा केव्हापासून मनात काहीतरी जुळवत होती. एकदम म्हणाली, "थांबा. नाव वाचतं."

"कसं?" आम्ही दोघं एकदम.

"नियम आहे. पहिल्या नमुन्यात दोन प्राणी मिसळले असतील, तर परका भाग वगळायचा. परका कुठला, ते फेरतपासणी करणारा ठरवतो. म्हणजे मी. आता बघा, खवले वगळले तर उरतं शरीर, ते ऑस्ट्रियनाचं, त्याचं नाव जुनं, म्हणून तुमचं बुडतं. पण मी शरीर परकं ठरवलं तर? उरतात खवले. खवले माल्टाच्या जातीचे. तिचं नाव अठ्ठ्याण्णवचं, तुमचं एक्याऐंशीचं. जुनं नाव जिंकतं. दोब्रिलाए जिवंत!"

प्रोश्पेरनं टेबलावर थाप मारली. "शाबास! मग करून टाक. पहिला आला त्याचा मान पहिला. रांगेत उभं राहायला शिका म्हणावं माल्टावाल्यांना."

"आणि त्या बाईच्या वडिलांचं नाव?" मी विचारलं.

इस्क्रानं खाली बघितलं. "ते बुडेल. पण तेता, नियमात बसतं. मी काही खोटं करत नाहीये."

"तू नाही करत. मी केलं होतं."

"अगं, पण तेवीस वर्षांची होतीस तू!" प्रोश्पेर ओरडला. शेजारच्या टेबलावरचं ऑस्ट्रियन जोडपं दचकलं. "वारा होता! कप्तान शिव्या देत होता! त्याच्या शिव्यांनी तर आपला पाद्रीही गडबडला असता!"

"त्या माल्टाच्या बाईनं काय केलं माहितेय?" मी म्हटलं. "चिखलातली नळी फोडली, आत जिवंत किडा पाहिला, त्याचे खवले त्याच्या अंगावर पाहिले. पाहिले! आणि मी न पाहता पाहिले म्हटलं. आता जिनं पाहिलं तिचं नाव बुडवायचं आणि जिनं पाहिलं नाही तिचं ठेवायचं? हे कुठल्याही नियमात बसत असेल, पण माझ्यात बसत नाही."

"प्रोफेसरांनी तुमच्या नजरेला नाव दिलं होतं," इस्क्रा हळूच म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हटलं. "आज ती नजर कामाला आली. खवले वगळ. नाव बुडव. आणि रडू नकोस, ऑक्टोपस खारट होईल."

खरं तर मीच रडत होते, पण तोंडाला येईल ते बोलत राहणं ही माझी जुनी सवय. प्रोफेसर असते तर न धुतलेल्या चाळणीवरून तासभर बोलले असते, आणि नंतर त्यांनी स्वतःच्या हातानं नाव बुडवलं असतं. एवढं मला त्यांच्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

प्रोश्पेर चित्राखाली जाऊन उभा राहिला. "पाटीवाल्याला काय सांगू आता? आणि हे काढू का?"

"कशाला काढतोस? शरीर बरोबर काढलंय मी. स्टूल दे."

स्टुलावर चढून मी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, आणि कोपऱ्यात काढलेल्या खवल्यांखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'सुटे'. परत टांगलं. प्रोश्पेर तोंड वाकडं करून बघत होता. मग ऑस्ट्रियन जोडप्याकडे वळला आणि आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सुरू झाला. किड्यांना बायकांची नावं काय, कितीही असतात म्हणे, पण आपला किडा चुकलाय असं स्वतः उठून सांगणारी बाई त्यांनी कधी बघितलीय का? ही बघा. माझी बहीण. इस्क्रानं मला भाषांतर करून सांगितलं. मी मान ताठ केली.

संध्याकाळच्या फेरीच्या आधी आम्ही परत खोलीवर गेलो. चिठ्ठी टाकल्याशिवाय बरणी बंद करता येत नाही. इस्क्रानं कागद कापला, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही लिहा, तेता. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं."

मी लिहिलं. ऑस्ट्रियनानं दिलेलं जुनं नाव. दक्षिण आद्रिया, अकराशे मीटर. तारीख. 'खवले परके, वगळले.' शेवटच्या ओळीत 'ओळख पटवली' लिहिलं, आणि हात सवयीनं पुढे 'माटुलिच' लिहायला निघाला. अडतीस वर्षांत मी दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या असतील, आणि त्या जागी दर वेळी त्यांचंच नाव घातलं होतं. ते गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्यांचं. मी पेन्सिल उचलून इस्क्राकडे बघितलं. "तुझं नाव कसं लिहायचं? पूर्ण की नुसतं पहिलं अक्षर?"

"माझं कशाला?" ती म्हणाली. "ओळख मी कुठे पटवलीय? मी तर ती घाण म्हणाले होते."

मी कागद सरळ केला आणि लिहिलं, 'दो. फान्तेला'. पेन्सिल इतकी दाबली गेली की कागद थोडा फाटला, पण मी दुसरा घेतला नाही. चिठ्ठी बरणीत सोडली. ती गिरक्या घेत खाली गेली आणि प्रोफेसरांच्या चिठ्ठीला लागून टेकली.

इस्क्राचं संशोधन पुढच्या वर्षी छापून आलं. त्यात ऑस्ट्रियनाच्या नावाखाली, बुडालेल्या नावांच्या यादीत दोब्रिलाए आहे. कायमचं राहील, कारण एकदा छापलेलं नाव आमच्यात कुणी पुसत नाही, चुकीचं म्हणून नोंदवून ठेवतात. टपालवाला आता दुसरा आहे. त्यालाही मी ते पान दाखवलं.

आणि बरणी झाग्रेबला आहे. तिच्यात माझं नाव आता दोनदा आहे. एकदा किड्याचं म्हणून, ते चुकीचं. एकदा माझं म्हणून, ते बरोबर. कुणीही, कधीही उघडून तपासून पाहावं.